थोरलीची नथ

“हलू नको रे, देवीचे मासे लाजाळू असतात!” काठावरून कुणीतरी ओरडलं आणि अख्खं उंबरकोंड गाव खो खो हसलं.

मी हलत नव्हतो, कापत होतो. फाल्गुन संपत आलेला, डोक्यावर ऊन. पण कोंडातलं पाणी कंबरेखाली असं गार, की माझे पाय माझेच आहेत की कुणाचे मागून आणलेत ते कळेना. कमरेला कोरं धोतर, डोक्याला उसना फेटा, कपाळभर गुलाल आणि पाण्याखाली वीतभर धरलेल्या उजव्या तळव्यावर भाताचा एक मुटका. हा मुटका कोंडातल्या मोठ्या माशानं माझ्या हातावरून उचलला, तर धाकू गुरवांची मथुरा माझी. नाही उचलला, तर मी ओल्या धोतरानं दुपारची एस. टी. पकडायची आणि मथुरेनं आठ दिवसांत तालुक्याच्या रॉकेलवाल्याच्या गळ्यात माळ घालायची. तिसरा रस्ता नव्हता.

ही गोष्ट चौसष्ट सालची. मी आता ऐंशीच्या पुढे गेलोय आणि गावात माझ्याबद्दल अशी बोलवा आहे, की म्हातारा सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यावं. खुशाल सोडा. फक्त कुठलं निम्मं सोडायचं, ते शेवटपर्यंत ऐकून ठरवा.

कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. आमचा कोंड सोमजाई देवीचा. तिथं गळ टाकायचा नाही, जाळं टाकायचं नाही, माशाकडे बघून तोंडाला पाणीसुद्धा सुटू द्यायचं नाही. त्यामुळे तिथले खडस निवांत वाढतात. शहरातले लोक या माशाला महाशीर म्हणतात. पाठीला निळसर, कुशीला चांदीसारखा, एकेक खवलं बंद्या रुपयाएवढं, आणि ओठ असे जाड, की कायम कुणावर तरी रुसल्यासारखा दिसतो. उन्हात एकाच वेळी पाच-पन्नास वळले की वाटतं, कुणीतरी तळाशी चांदीची भांडी घासायला काढलीयत.

हे मासे मोजायला मी आलो होतो. माशांच्या सरकारी खात्यात नवा नवा लागलेला हणमंत गुरव, राहणार घाटावरचा. साहेबांचा हुकूम होता : उंबरकोंडातले खडस मोजा, नर किती, माद्या किती ते लिहा, आणि माशाला हात न लावता लिहा. मी तीन आठवडे काठावरच्या उंबराखाली वही घेऊन बसलो.

चौथ्या दिवशी पायऱ्यांवर पितळी कळशी घासत बसलेली एक मुलगी मान वर न करता म्हणाली, “किती झाले, साहेब?”

“एकशे बारा.”

“त्यातले पंचवीस तुम्ही दोनदा मोजलेत.”

“कशावरून?”

“डाव्या कल्ल्यावर डाग असलेली ती मघाधरनं तिसऱ्यांदा आलीय. तुमचं तोंड बघायला येते. घाटावरचा माणूस तिनं आधी बघितला नाय.”

मी वहीतला एकशे बाराचा आकडा खोडला. तिथून माझी मोजणी जी बिघडली, ती आजपर्यंत सुधारलेली नाही.

मथुरा ती. गुरवांची एकुलती एक. आई ती दहा वर्षांची असताना गेली, आणि तेव्हापासून माशांना सकाळचा भात तीच घालायची. कळशी पायरीच्या दगडावर टण टण वाजवायची, की तळातून सगळ्यात मोठी मादी वर यायची. तिला गाव थोरली म्हणे. माझ्या हाताएवढी लांब, आणि तो हात पुढे करून वर अजून दुसऱ्या हाताचा कोपरापर्यंतचा भाग जोडा. (यातलं निम्मं सोडलंत तरी मासा मोठाच राहतो.)

मला पुस्तकातलं माहीत होतं, तिला पाण्यातलं. आम्ही दोघं रोज ते एकमेकांना विकायचो.

“साहेब, ह्यांना दात असतात?”

“जबड्यात नसतात, घशात असतात. गोगलगाय, शिंपलं तोंडात घेतात नि घशात फोडतात.”

“आमच्या आत्यासारखं. तोंडावर गोड, आत गेल्यावर फोडते. आणि पोट?”

“या कुळात जठरच नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. म्हणून दिवसभर थोडं थोडं खात राहतात.”

“म्हणजे भूक कायमची?”

“कायमची.”

“सरकारी माणसासारखी,” ती म्हणाली आणि कळशी उचलून गेली.

एकदा तिनं माझ्यापुढे एक गळालेलं खवलं धरलं. “ह्यावरनं वय कळतं म्हणे?”

“कळतं. झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं असतात. मोजली की झालं.” मी भिंग काढून मोजली. “अकरा वर्षं.”

“थोरलीचं हाय. माझ्या आईच्या लग्नात हिनं आईच्या हातचा भात खाल्लाय. आता माझंच वय अठरा.”

“शक्य नाही.”

“मग खवल्याला विचारा परत.”

मी पुन्हा मोजली. वर्तुळं अकराच होती, पण मी वहीत अठरा लिहिलं. सरकारी नोकरीतलं माझं पहिलं खोटं.

गावाची आणखी एक श्रद्धा होती. सोमजाईनं आपली नथ कोंडातल्या एका माशाला घातलीय आणि देवीच्या मनात एखादं लग्न फारच भरलं, तर ती नथवाली वर येते. बघितलेला माणूस मात्र एकही जिवंत नव्हता. ज्याला विचारावं तो आजोबांचं नाव सांगे.

“हे कसं शक्य आहे?” मी मथुरेला समजावलं. “माशाला नाकपुड्या असतात, पण त्या आरपार नसतात. नुसत्या वास घेण्यापुरत्या खळग्या. नथ अडकवणार कुठं?”

ती इतकी हसली, की हातातली राखुंडी सांडली. “साहेब, तुम्हाला नथींतलं काही कळत नाय.”

तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या बापापुढे जाऊन बसलो. जातीचा प्रश्न नव्हता, मीही गुरवच. नोकरी सरकारी. व्यसन म्हणाल तर फक्त मासे मोजायचं. धाकू गुरव माणूस उंच, वाळका आणि असा कमी बोलणारा, की देवळात घंटा वाजली तर गावाला वाटे आज गुरव फार बोलला.

“तुम्ही माझ्या देवीचं मासं मोजलंत,” ते म्हणाले.

“हो. पण हात लावला नाही.”

“मोजलंत ना? पोरं मोजत्यात का कुणी कुणाची?”

मी वही मांडीखाली सरकवली.

“रॉकेलवाल्याचा सांगावा आलाय. त्यांचं घर मोठं हाय. तरी पण मी नाय म्हणत नाय. कोंड हाय, तो ठरवंल.”

कोंड ठरवेल म्हणजे काय, ते आता तुम्हाला कळलंच. आमच्या गावची मुलगी मागायची, तर नवऱ्या मुलानं पाण्यात उभं राहून माशाला हातावर भात द्यायचा. मुलीच्या बापानं तीन हाका मारायच्या. तिसरी हाक विरेपर्यंत मासा आला नाही, तर देवीची ना. गावातली पोरं बारशापासून माशांना भात घालत वाढलेली. त्यांच्या हाताला मासे ओळखतात. अडकतो तो परगावचा. माझ्याआधी तिघांना कोंडानं परत धाडलं होतं. एकाच्या हातावर मासा आलाही होता म्हणतात, पण ऐन वेळी गडी शिंकला.

मी शास्त्राचा माणूस. तयारीला लागलो. खडसाला पिकलेली उंबरं फार आवडतात. काठावरच्या झाडाचं फळ पाण्यात पडायच्या आत त्याखाली मासा तोंड वासून तयार असतो. मी ठरवलं, मुटक्यात उंबराचा गर कालवायचा. मासा वासानं येईल आणि सासरे नियमाला धरून हात चोळत बसतील.

कौलाच्या दिवशी उजाडताच मी गर काढायला कोंडावर गेलो, तर पायरीवर धाकू गुरव! शेजारी दोन पायल्यांची टोपली. ते ओंजळी भरभरून चुरमुरे पाण्यात उधळत होते आणि मासे नुसते लोळत होते. काही तर खाऊन खाऊन कुशीवर झाले होते. जन्मात माशांना घातलं नसेल तेवढं त्या माणसानं त्या एका सकाळी घातलं.

मी उंबरामागे दडलो. मग आठवलं, या कुळात जठरच नाही! ज्याला पोटच नाही, त्याचं पोट भरणार कसं? पुस्तकातल्या एका ओळीचा इतका मोठा आधार मला आधी कधी वाटला नव्हता, नंतरही नाही.

पायाशी पडलेली चार उंबरं उचलून मी वळलो तर वरच्या अंगानं मथुरा येत होती. कडेवर कळशी, लुगडं कंबरेपर्यंत ओलं, दात थंडीनं वाजतायत.

“एवढ्या सकाळी कुठं गेली होतीस?”

“पाण्याला.”

“पाण्याला की पाण्यात?”

“उशीर होतोय साहेब, बाजूला व्हा.”

“तुझ्या कोपराला खवलं चिकटलंय.”

तिनं कोपराकडे बघितलं आणि पदर घट्ट ओढून घेतला. “असू दे. शकुनाचं असतं.”

ती गेली. आणि माझं शास्त्र बघा : मला फक्त एवढंच वाटलं, की त्या खवल्यावरची वर्तुळं मोजायला मिळाली असती तर बरं झालं असतं.

तर मी पाण्यात उभा होतो. काठावर गाव. पायऱ्यांच्या एका अंगाला बायका, त्यांत शेवटच्या पायरीवर मथुरा, कळशी घेऊन. दुसऱ्या अंगाला भागोजी मानकरी. दोन हाकांमधलं अंतर मोजायचा मान त्यांच्या घराण्याचा, आणि ते मोजायचं घड्याळ म्हणजे विडा. एक विडा चावून होईपर्यंत थांबायचं. मानकरी थुंकले की पुढची हाक.

धाकू गुरव काठाशी आले आणि पहिली हाक दिली. ती इतकी बारीक होती, की मलासुद्धा ऐकू आली नाही.

“धाकू,” मानकरी म्हणाले, “देवीला हाक मारतोस का मुंगीला?”

“घसा बसलाय.”

“काल तर बैलाला शिव्या घालताना बरा व्हता.”

गाव हसलं. धाकूंनी पुन्हा हाक दिली, “ये गो बाये, ये!” आणि मानकऱ्यांनी पहिला विडा तोंडात टाकला.

मासे आले. पण ते चालट! बोटाएवढे, चांदीच्या सुयांसारखे, पाण्याच्या वरच्या थरात राहणारे. उंबराचा वास खडसाच्या आधी त्यांना लागला. दहा आले, पन्नास आले, बघता बघता माझा तळहात चंदेरी होऊन वळवळायला लागला. ते टुचटुच मुटका टोचायला लागले आणि त्याबरोबर माझा तळवाही. गुदगुल्या अशा, की बेंबीपासून हसू वर चढायला लागलं. हललो तर संपलं. हसलो तरी संपलं. मी जीभ दाताखाली धरली, बाप आठवला, शाळेतले गुरुजी आठवले, साहेबांचा चेहरा आठवला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“रडतोय गो बिचारा!” एक म्हातारी कळवळली.

“हुंदका आवरतोय, बघ बघ!”

मुटका नारळाएवढा नव्हता हो, लिंबाएवढा. तो आता सुपारीएवढा झाला होता. माझी हुशारी माझ्याच डोळ्यांदेखत चालट खात होते.

मानकरी थुंकले. दुसरी हाक. दुसरा विडा.

“सावकाश चावा हो, काका!” बायकांतून कुणीतरी ओरडलं.

“विडाच तो, हाडूक नाय,” मानकरी म्हणाले. पण चावणं मंदावलं. भला माणूस! तेवढा वेळ कुठला विडा तोंडात राहत नाही. तो बहुतेक संपला होता आणि ते नुसताच जबडा हलवत होते. खाली तळाला मोठे खडस दिसत होते, तुडुंब, सुस्त, जेवणावळीनंतर ओसरीवर पसरलेल्या पाहुण्यांसारखे. एकानं माझ्याकडे बघितलं आणि कूस बदलली. जठर नसलेल्या प्राण्यानं इतकं तृप्त दिसावं याचा मला संताप आला.

मुटका आता बोराएवढा. मानकऱ्यांनी हलवायचं ते सगळं हलवून झालं आणि ते थुंकले.

धाकू गुरवांनी तिसरी हाक दिली. या वेळी घसा चांगला मोकळा होता. “ये गो बाये, ये!”

हाक समोरच्या कड्यावर आपटून परत आली. कुणी हसेना. मी मथुरेकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती खाली वाकून कळशी विसळत होती. जन्माचा निकाल लागत होता आणि ही बया भांडी घासत होती! कळशी पायरीच्या दगडाला लागली. टण. टण. टण.

आणि तळातून चांदी उठली.

चालट एका क्षणात उधळले. पाणी माझ्या छातीपर्यंत फुगलं. आधी मिशा दिसल्या, चार. मग ते रुसलेले ओठ. आणि त्या वरच्या ओठाशी, सांगतो ते ऐका, सात मोत्यांची नथ. मधोमध लाल खडा. ऊन त्याच्यावर पडलं आणि माझ्या डोळ्यांत घुसलं. थोरलीनं माझा अख्खा तळवा तोंडात घेतला, दात नसलेल्या जबड्यानं असा मऊ चावला, उरलेला भात पुसून घेतला, आणि शेपटीचा असा तडाखा दिला, की मी फेट्यासकट पाण्याखाली गेलो.

वर आलो तेव्हा गाव वेडं झालं होतं. “नथवाली! नथवाली!” मानकरी पालथे पडून नमस्कार घालत होते आणि त्यांचं पागोटं वाहत चाललं होतं. बायका उखाणे घेत होत्या, ज्यांचं लग्न होऊन तीस वर्षं झाली त्यासुद्धा. कुणी ताशा बडवत होतं. कुणीतरी माझा पाण्यातला सावळा पाय धरून त्याला डोकं टेकवलं आणि नाकातोंडात पाणी जाऊन खोकायला लागलं.

फक्त धाकू गुरव ओरडले नाहीत. ते थोरली बुडाली त्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन पायऱ्या उतरले आणि सरळ पाण्यात मांडी घालून बसले. गळ्यापर्यंत पाणी. बराच वेळ. मला वाटलं, देवीच्या दर्शनानं भारावले. गावालाही तसंच वाटलं.

उठले तेव्हा त्यांनी मथुरेकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा, आणि म्हणाले, “परवाचा मुहूर्त बरा हाय.”

लग्नात मथुरेच्या नाकात नथ नव्हती. “आईची व्हती ना गो, चांगली?” आत्यानं विचारलं. मथुरा काही बोलायच्या आत धाकू म्हणाले, “आक्का, पानं वाढलीयत, बस.”

मी अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं : खडस, नर एक्काहत्तर, माद्या अठ्ठ्याऐंशी, पैकी एकीस नथ. महिन्याभरात खुलासा मागवणारा कागद आला. “सदर मत्स्याच्या नाकी दागिना असल्याचे आपण नमूद केले आहे. हे कशाच्या आधारे?” मी उलट टपाली कळवलं, की नाकी नसून ओठी होता, आणि आधार म्हणाल तर माझा उजवा हात. त्यावर पुन्हा कागद आला. मग मी राजीनामा पाठवला आणि सासऱ्यांच्या हाताखाली सोमजाईची पूजा आणि माशांचा भात बघायला लागलो. पुढे सासरे गेले, तेव्हा देवळाची घंटा माझ्याकडे आली.

नथवालीची कीर्ती घाट चढून गेली. लांबून लोक येत. मी त्यांना पायरीवर बसवी, कळशी वाजवी, आणि पाणी हललं की ओरडे, “ती बघा! दिसली? गेली!” दहातल्या आठांना दिसे. न दिसणाऱ्या दोघांना मी सांगे, की मला या वर्षात चार वेळा दिसलीय. मथुरा मागे उभी राहून ऐके, आणि पदर तोंडाला लावून आत जाई.

शहाऐंशी साल उजाडलं. आमची वंदना लग्नाची झाली आणि तिनं वायरमन पसंत केला! सुधाकर त्याचं नाव. खांबावर चढून तारा जोडणारा, परगावचा, काटकुळा. पहिल्याच दिवशी कोंडाच्या काठावर येऊन त्यानं मला विचारलं, “मामा, हा मासा किती किलो भरेल?”

मला तो अजिबात आवडला नाही. पोरं तोलतात का कुणी कुणाची?

“कोंड आहे,” मी म्हणालो, “तो ठरवेल.”

कौलाच्या दिवशी उजाडताच मी दोन पायल्या चुरमुरे घेऊन कोंडावर गेलो. पहिली ओंजळ उधळली आणि मागून आवाज आला, “वा! तुम्हीसुद्धा?”

मथुरा. कमरेवर हात.

“मी आपलं… सणाचा दिवस म्हणून…”

“माझ्या बापानंही ह्याच दगडावर बसून सण केला व्हता. टोपली ठेवा खाली. पोरीला तो आवडलाय.”

“देवीच्या मनात असेल तर नथवाली येईलच की,” मी म्हणालो. “मी कोण अडवणारा?”

ती माझ्याकडे बघत राहिली. बावीस वर्षं साठवून ठेवलेलं हसू तिच्या गालात वर चढताना मला दिसलं.

“नथवाली येणार नाय. नथ डब्यात हाय.”

“कुठली नथ?”

“माझ्या आईची. चापाची हाय. तिला भोक लागत नाय, नुसती दाबून बसवायची. थोरलीला मांडीवर घेतली, ओठाला लावली. निम्मा तास पाण्यात बसले व्हते. थंडीनं मेले असते तुमच्यापायी.”

मला कोपरावरचं खवलं दिसलं. कळशीची टण टण ऐकू आली. “आणि नंतर?”

“संध्याकाळी भात घालताना काढून घेतली. लग्नात घालता येईना, गावानं ओळखली असती. म्हणून डब्यात. बावीस वर्षं तिथंच हाय.”

मी पायरीवर बसलो. मग एकदम एक गोष्ट ध्यानात आली.

“पण मथुरे, नथ जर डब्यात होती, तर मी बावीस वर्षं लोकांना काय दाखवतोय?”

“तेच,” ती म्हणाली, “तेच मी बावीस वर्षं विचारीन विचारीन म्हणते.”

आम्ही दोघं त्या पायरीवर इतके हसलो, की उंबरावरचे बगळे उडाले. मग घरी आलो. म्हटलं, आता नथ काढ, कोण जाऊन लावतं ते ठरवू, तुझे गुडघे दुखतात आणि माझ्या हातांना सवय नाही. तिनं फडताळातला पितळी डबा काढला, झाकण उघडलं.

डबा रिकामा होता.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. “तू तिला सांगितलं होतंस?”

“एक शब्द नाय. देवीची शपथ.”

तेवढ्यात वंदना मागच्या दारानं आत आली. परकर कंबरेपर्यंत ओला. दात वाजतायत. “आई, चहा हाय का गो?” म्हणाली आणि आमच्याकडे न बघता चुलीशी जाऊन बसली. तिच्या ओल्या वेणीत रुपयाएवढं एक खवलं चमकत होतं.

दुपारी सुधाकर पाण्यात उभा राहिला. डोक्याला उसना फेटा. मी तीनही हाका खणखणीत दिल्या. विडा चावायला आता मानकऱ्यांचा मुलगा होता, तो म्हणाला, “काका, एवढ्यानं धरण फुटंल.” तिसऱ्या हाकेनंतर कड्यावरचा आवाज विरला. बायकांत शेवटच्या पायरीवर वंदना खाली वाकली. टण. टण. टण.

चांदी उठली. सात मोती. मधोमध लाल खडा.

गाव पुन्हा वेडं झालं. आणि मला, बावीस वर्षांनी, धाकू गुरव दिसले. बायकोला स्वतःच्या हातानं आणलेली नथ त्या माणसानं ओळखली नसेल? एका नजरेत ओळखली होती. पोर पहाटे कुठं गेली होती, थंडीत किती वेळ बसली होती, कुणासाठी, सगळं त्यांना कळलं होतं. दोन पायल्या चुरमुऱ्यांचं काय झालं तेही. पुढं जगले ती सगळी वर्षं माझ्याशेजारी बसून माशांना भात घालत राहिले आणि एका अक्षरानं बोलले नाहीत.

मी डोक्यावरची टोपी काढली, दोन पायऱ्या उतरलो आणि पाण्यात मांडी घालून बसलो. पाणी तेवढंच गार होतं.

सुधाकर नाकातोंडातलं पाणी झटकत, फेटा सावरत माझ्याजवळ आला. डोळे विस्फारलेले. “मामा, तुम्ही बघितलीत? पण मी पुस्तकात वाचलंय, माशाच्या नाकपुड्या आरपार नसतात. मग नथ अडकली कुठं?”

वरच्या पायरीवर मथुरेनं पदर तोंडाला लावला.

“जावईबापू,” मी म्हणालो, “तुम्हाला नथींतलं काही कळत नाही.”